पालथी पंचवीस कार्डं

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. समोर एक लाकडी टेबल आहे असं समजा. त्यावर हाताच्या तळव्याएवढी पांढरी कार्डं पडली आहेत, मोजून पंचवीस. प्रत्येक कार्डावर एका कॉलेजचं नाव, आणि नावाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. आता तुम्हाला त्यांची क्रमवारी लावायची आहे. यंदा बास्केटबॉलमध्ये कोण पहिला, कोण दुसरा, कोण पंचविसावा. गंमत अशी की अजून एकही सामना झालेला नाही. पहिल्या सामन्याला महिना आहे. झाडांची पानं आत्ता कुठे लाल व्हायला लागलीत.

कसं ठरवाल? मागच्या वर्षी जिंकला तो पहिला? पण त्याचे तीन खेळाडू शिकून बाहेर पडले असतील तर? बघा, वाटतं तेवढं सोपं नाही. डोळे उघडा आता. इंडियानातल्या एल्डन गावात ज्या घरात हे टेबल होतं, तिथे जाऊ.

घर लाईल होस्टेटलर यांचं. गावाच्या 'एल्डन लेजर' या पेपरात ते चौतीस वर्षं खेळांच्या बातम्या लिहीत आले होते. दर ऑक्टोबरात एका वृत्तसंस्थेच्या कार्यालयात देशभरातल्या त्रेसष्ट पत्रकारांकडून अशी पंचवीस-पंचवीस नावं मागवली जात आणि सगळ्यांची बेरीज करून हंगामाची पहिली क्रमवारी छापली जाई. त्या त्रेसष्टांत लाईल एक होते. बाकीचे बहुतेक मोठ्या शहरांतले. चार हजार वस्तीच्या गावातला हा एकटाच. गाव त्यांना थोडं टरकून असे आणि बरंचसं चिडवत असे.

त्यांची नात विनी अकरा वर्षांची. तिची आई कामावर असायची, म्हणून शाळा सुटली की विनी आजोबांकडे. ऑक्टोबर लागला की ती टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बसे आणि आजोबांचे फोन ऐके. कारण आजोबा कार्डं भरायचे ती फोन करून, आणि फोन प्रशिक्षकांना नाही करायचे. संघांच्या बस चालवणाऱ्या ड्रायव्हरांना करायचे.

"प्रशिक्षकाला का नाही विचारत?" विनीने एकदा विचारलं होतं.

"ऑक्टोबरात सगळे प्रशिक्षक खोटं बोलतात, पोरी. अर्धे म्हणतात आमचं काही खरं नाही, अर्धे म्हणतात आम्हाला तोड नाही. बसवाल्याला खोटं बोलून काय मिळायचंय? पोरं कुठे कुणाशेजारी बसतात हे त्याला आरशात दिसतं. हरल्यावर बसमध्ये कोण कुणाला सँडविच देतो, तेही दिसतं."

त्या वर्षी कॅरोवे विद्यापीठाचा बोलबाला होता. सात फुटांचा एक पोरगा आणि मागच्या वर्षीचं उपविजेतेपद. पण त्यांच्या ड्रायव्हरने सांगितलं की पोरं बसमध्ये एक बाक सोडून एक बसतात, कानाला गाणी लावून, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. आजोबांनी 'हं' केलं आणि कार्डावर एक बाक काढून त्यावर फुली मारली.

आणि टॅनर? टॅनर म्हणजे एल्डनचं स्वतःचं कॉलेज. गावातल्या प्रत्येक दुकानाच्या काचेवर त्यांचा निळा बगळा रंगवलेला. यंदा त्यांचे पाचपैकी चार खेळाडू परतले होते, आणि इतिहासात पहिल्यांदा टॅनर देशात पहिलं येईल अशी बोलवा होती. आजोबा टॅनरला कितवं ठेवणार, हे मात्र विनीलाही कळायचं नाही. नियमच होता तसा. क्रमवारी छापून आल्यावर शनिवारी गावाची न्याहारी होई, तोपर्यंत कार्डांवर चर्चा नाही, प्रश्न नाही, तोंड वाकडं करणंसुद्धा नाही.

कार्डं लावायची त्यांची रीत वेगळी होती. ते शेवटून सुरुवात करत. "पहिला कोण ते शेंबडं पोरही सांगेल," असं म्हणायचे. "पंचविसावा निवडायला दहा दिवस लागतात." पंचविसावं कार्ड ठरलं की ते टेबलावर पालथं ठेवायचं. त्यावर चोविसावं, तेही पालथं. पालथं अशासाठी की शेजारचे डॉयल केसलर, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, साखर मागायच्या निमित्ताने डोकवायला यायचे. असं करत करत पहिलं कार्ड सगळ्यांत वर येई, तेही पालथंच. मग गठ्ठ्याला रबरबँड.

त्या वर्षी आजोबांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता, आणि दवाखान्याने दिवस दिला तो नेमका गुरुवार. मत फोनवरून कळवायची मुदत त्याच गुरुवारी दुपारी बारापर्यंत. आजोबांनी बुधवारी भिंगाखाली धरून कार्डं पुरी केली. गठ्ठा विनीच्या हातात दिला.

"उद्या तुम्हाला सुट्टी आहे ना? अकरा वाजता या नंबरावर फोन लाव. एक बाई घेतील. माझं नाव सांग, आणि पहिल्यापासून पंचविसाव्यापर्यंत सावकाश वाच. जमेल?"

"जमेल म्हणजे काय!" विनी म्हणाली. छाती अशी फुगली होती की स्वेटरचं बटण तुटायचं बाकी होतं.

गुरुवारी आई आजोबांना घेऊन दवाखान्यात गेली. विनीने सकाळी नऊलाच केस विंचरले, जसं काही फोनमधून कोणी बघणार होतं. बरोबर अकराला तिने नंबर फिरवला. मग रबरबँड काढला, गठ्ठा उचलला आणि नावं दिसावीत म्हणून सगळा गठ्ठा एका झटक्यात उलटा केला.

तुमच्या लक्षात आलं का काय झालं ते? विनीच्या नाही आलं.

"बोल बाळ, पहिला नंबर?" पलीकडून बाईंचा आवाज आला. मागे टाइपरायटरची टकटक.

विनीने वरचं कार्ड वाचलं. "लोन एल्म कॉलेज."

टकटक थांबली. "काय म्हणालीस?"

"लोन एल्म. कॅन्ससमध्ये आहे."

"असेल गं. पण पहिला? खात्री आहे ना, बाळ?"

विनीलाही क्षणभर शंका आली. तिनेही हे नाव फक्त एकदाच ऐकलं होतं, आजोबा त्यांच्या मर्ल नावाच्या ड्रायव्हरशी, हरल्यावरही पोरं सँडविच कशी वाटून खातात त्यावर तासभर हसत बोलले होते तेव्हा. पण कार्डांवर प्रश्न विचारायचा नाही हा घरचा नियम. आणि दुसरं म्हणजे, बाईंच्या आवाजात तिला आजोबांवरचा संशय ऐकू आला.

"मिस्टर होस्टेटलर कधी चुकत नाहीत," ती ताठ मानेने म्हणाली.

"बरं बाई. पुढे."

ती वाचत गेली. बाविसावं कार्ड आलं आणि तिची जीभ अडखळली. टॅनर. बाविसावं! तिने दात आवळून ते नाव वाचलं. मनात आजोबांशी कडाकडा भांडून घेतलं.

शेवटी बाईंनी पुन्हा विचारलं, "बाळ, मी एकदा शेवटचं विचारते. यादी सरळच वाचलीस ना?"

"हो," विनी म्हणाली, आणि फोन ठेवून चेंडू घेऊन अंगणात पळाली.

दोन दिवस ती आजोबांशी जरा फुगूनच होती. एका डोळ्यावर पांढरी पट्टी बांधून आजोबा खुर्चीत बसलेले, आणि दुसऱ्या डोळ्याने त्यांना तसंही धुकंच दिसे.

"काय गं, मांजर मेलं का तुझं?"

"काही नाही."

"फोन नीट झाला ना?"

"झाला."

सोमवारी दुपारी पेपर आला. क्रमवारी पहिल्याच पानावर होती. विनीने शाळेतून येताच तो अंगणातून उचलला आणि वाचत वाचतच पायऱ्या चढली.

"मोठ्याने वाच," आजोबा म्हणाले.

"पहिलं कॅरोवे, एक हजार चारशे दोन गुण. दुसरं..." तिचा आवाज चिरकला. "दुसरं टॅनर, एक हजार तीनशे एक्क्याण्णव. आजोबा, अकरा गुणांनी! फक्त अकरा गुणांनी हुकलं!" तिला राहवलं नाही. "तुम्ही जर टॅनरला बाविसावं ठेवलं नसतं ना..."

"कितवं?"

"बाविसावं!"

"मी टॅनरला चौथं ठेवलं होतं," आजोबा सावकाश म्हणाले. "पेपरात सगळ्यांत खाली बघ. ज्यांना थोडीथोडकी मतं मिळाली त्यांची नावं असतात. लोन एल्म आहे?"

विनीने बोट फिरवलं. "आहे. पंचवीस गुण. कंसात एक. म्हणजे पहिल्या नंबराचं एक मत."

  आजोबांनी हात पुढे केला. "कार्डं आण. आणि तू ती हातात कशी घेतलीस ते मला करून दाखव."

तिने गठ्ठा टेबलावर पालथा ठेवला, उचलला, झटक्यात उलटा केला. आजोबांनी वरच्या कार्डावर बोट ठेवलं. चाचपून ओळखलं असावं, त्याचा कोपरा दुमडलेला होता.

"हे मी सगळ्यांत आधी खाली ठेवलेलं. पंचविसावं."

विनीला कानात शीळ वाजल्यासारखं झालं. तिने पेन्सिल घेतली आणि हिशेब केला, कारण आजोबांनी तिला लहानपणापासून तीच सवय लावली होती. घाबरलं की आधी बेरीज-वजाबाकी. पहिल्या नंबराला पंचवीस गुण, दुसऱ्याला चोवीस, असं उतरत पंचविसाव्याला एक. चौथ्याला बावीस. बाविसाव्याला चार. टॅनरचे अठरा गुण गेले होते. आणि कॅरोवे? आजोबांनी कॅरोवेला तेरावं ठेवलं होतं, आणि पंचवीस कार्डं कशीही उलटली तरी मधलं तेरावं जागचं हलत नाही. म्हणजे कॅरोवेचा एक गुणही गेला नव्हता. अकरा गुणांनी हुकलेलं टॅनर खरं तर सात गुणांनी पहिलं आलं होतं. गावाच्या इतिहासात पहिल्यांदा. आणि विनीने ते एका हाताच्या झटक्याने पुसून टाकलं होतं.

पेन्सिल घरंगळत टेबलाखाली गेली. विनी ती घ्यायला वाकली आणि तिथेच बसून राहिली.

"विनी, वर ये."

"नाही."

"बरं. तिथूनच ऐक. चूक माझी आहे. मी शेवटून लावतो हे मला माहीत, तुला कोणी सांगितलं? मी सांगायला हवं होतं. चौतीस वर्षं स्वतः फोन केला, त्यामुळे सांगायची गोष्ट आहे हेच डोक्यात आलं नाही."

विनीला टेबलाखाली आजोबांचे जुने बूट दिसत होते. त्या बाईंनी दोनदा विचारलं होतं, हे तिने सांगायला तोंड उघडलं. पण आजोबांनी इतक्या मायेने चूक आपल्याकडे ओढून घेतली होती की तिला ती परत मागता येईना.

दुसऱ्या दिवशी बर्निसच्या खाणावळीत दुसरा विषय नव्हता. आजोबा मंगळवारी तिथे चेरी भरून भाजलेला गोड 'पाय' खायला जात, आणि डोळ्यावर पट्टी असल्यामुळे विनी त्यांचा हात धरून बरोबर.

"कोण असेल तो गाढव?" डॉयल केसलर काउंटरवर मूठ आपटत होते. "लोन एल्म पहिलं! अरे, त्या गावात माणसांपेक्षा गव्हाची कोठारं जास्त असतील!"

"दारू पिऊन मत दिलं असणार," बर्निस कॉफी ओतत म्हणाली.

"दारू नाही, द्वेष! त्या माणसाने टॅनरलाही खाली टाकलं असणार, लिहून घ्या माझ्याकडून. लाईल, तुला ते त्रेसष्ट जण माहीत आहेत. कोण आहे हा? नाव सांग, मी त्याला पत्राने झोडपतो."

"माझ्या ओळखीचा आहे," आजोबा बशीतल्या 'पाय'चा तुकडा काट्याने शोधत म्हणाले.

विनीने हातातला काटा खाली ठेवला.

"आणि गाढव नाही तो. म्हातारा आहे जरा."

"म्हातारा असेल तर घरी बसावं! तुझ्यासारखा म्हातारा असेल तर गोष्ट वेगळी. तू एका डोळ्याने बघतोस तेवढं त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही."

सगळे हसले. आजोबाही हसले. विनीला तिच्या बशीतला 'पाय' पुढे खाववेना.

घरी परतताना ती म्हणाली, "त्यांना कळणारच नाही, हो ना? कोणी कितवं ठेवलं ते छापत नाहीत."

"नाही छापत."

"मग?"

"मग शनिवार आहे," आजोबा म्हणाले, आणि फुटपाथची कड काठीने चाचपत पुढे झाले.

शनिवारचं असं होतं. दर वर्षी क्रमवारी लागली की त्या आठवड्याच्या शनिवारी फायर स्टेशनात गावाची न्याहारी होई. बंब बाहेर काढून उभा करायचा, आत लांब टेबलं मांडायची, पॅनकेकचे ढीग, मेपलचा पाक, भाजलेले सॉसेज. आणि मधोमध लाईल होस्टेटलर उभे. लोकांनी एक ते पंचवीसमधला कुठलाही आकडा ओरडायचा, लाईलनी त्या नंबरावर कोणाला ठेवलं ते सांगायचं आणि का तेही सांगायचं. मग लोकांनी हुर्यो करायची. हंगामाचा खरा नारळ तिथेच फुटे.

बुधवारी संध्याकाळी फोन वाजला. विनीने उचलला.

"लाईल आहे का? म्हणावं, कॅन्ससहून मर्ल बोलतोय."

आजोबांनी फोन कानाला लावला. मर्ल इतक्या जोरात बोलत होता की विनीला सगळं ऐकू येत होतं. "मित्रा! तो तूच, नाकारू नकोस! दुसरा कोण आम्हाला विचारतो? अरे, गावाने चर्चची घंटा वाजवली! पोरांनी पेपरातलं नाव कापून बसच्या काचेवर चिकटवलंय!"

विनी आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली. आता काय सांगतील? त्या गावाचा सगळा आनंद त्यांच्या जिभेवर होता.

"मर्ल," आजोबा शांतपणे म्हणाले, "मी तुम्हाला पंचविसावं ठेवलं होतं. इकडून यादी उलटी गेली. आनंद झाला तो ठीक, पण खोटा राहू नये."

 मर्ल हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला.

"पंचविसावं? खरंच पंचविसावं ठेवलं होतंस? अरे गृहस्था, तेवढंही आम्हाला आजवर कोणी ठेवलं नव्हतं! घंटा तर वाजून गेली, ती काही आता परत आत भरता येत नाही. पोरांना सांगतो. त्यांना खरं ऐकायची सवय आहे, दर वर्षी वीस सामने हरतात."

फोन ठेवल्यावर आजोबा बराच वेळ गालातल्या गालात हसत होते. विनी त्यांच्या खुर्चीच्या दांडीवर बसली.

"तुम्हाला भीती नाही वाटली सांगायला?"

"वाटली ना. म्हणून तर पटकन सांगितलं. थंड झालेल्या पॅनकेकसारखं असतं ते. जितकं ठेवाल तितकं चिवट होतं."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी सांगणार, की यादी माझी होती, उलटी गेली, आणि माझे डोळे आता या कामाचे राहिले नाहीत. वृत्तसंस्थेच्या कार्यालयालाही पत्र पाठवतो. पुढच्या वर्षीपासून माझी जागा दुसऱ्या कोणाला द्या म्हणून."

विनी ताडकन उठली. "पण डोळ्यांचा काय संबंध! कार्डं तर बरोबर लावली होती तुम्ही!"

"लोकांना कारण लागतं, पोरी. म्हातारा डोळा हे चांगलं कारण आहे. कोणी जास्त विचारत नाही."

"पण तुम्हाला ते मत..."  आजोबांचं ते मत म्हणजे काय होतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आजी गेली त्या ऑक्टोबरातसुद्धा त्यांनी पंचवीस कार्डं पुरी केली होती. आईने आजीचे कपडे कोणाकोणाला देऊन टाकले, पण कार्डांची जुनी खोकी कधी हलली नाहीत. चौतीस वर्षं, चौतीस खोकी.

"तू गप्प राहायचं," आजोबा म्हणाले. "हे माझं सांगणं आहे. अकरा वर्षांच्या मुलीने चार हजार माणसांचा राग झेलायचं कारण नाही. मी झेलू शकतो, मला सवय आहे. एकोणीसशे सदुसष्ट साली मी टॅनरला यादीतच घेतलं नव्हतं. डॉयलने तीन महिने मला खिळे विकले नाहीत."

विनी हसली नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शाळेत मुलं त्या अनोळखी गाढवाची चित्रं काढत होती, लांब कानांची. तिच्याही वहीवर कोणीतरी एक काढलं. तिने ते खोडलं नाही. नुसतं बघत राहिली.

शनिवारी सकाळी फायर स्टेशन भरून गेलं होतं. तव्यांचा धूर, पाकाने चिकट झालेली टेबलं, निळ्या टोप्या. विनी आजोबांच्या जवळ बंबाच्या पायरीवर बसली होती. तिच्या स्वेटरच्या खिशात कार्डांचा गठ्ठा होता. का आणला होता ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

"चला लाईल!" डॉयल केसलर ओरडले. "कोणी इकडचा तिकडचा आकडा ओरडू नका! सरळ जाऊ दे. एक!"

"एक! एक!" सगळ्यांनी काटे टेबलावर आपटले.

आजोबांनी हात वर केला. आवाज हळूहळू थांबला.

"मी पाठवलेल्या यादीत पहिलं नाव," आजोबा म्हणाले, "लोन एल्म."

डॉयल केसलर खुर्चीतून अर्धे उठले.

"आणि टॅनर बाविसावं. डॉयल, तू शोधत होतास तो गाढव मीच. यादी उलटी वाचली गेली. माझ्या मनात टॅनर चौथं होतं. नीट गेली असती तर आज तुम्ही पहिले असता. मला वाईट वाटतं. डोळे गेले माझे, दुसरं काही नाही. मी पुढच्या वर्षी..."

"अरे, पण तू..." डॉयल केसलरच्या हातातला काटा खाली आला. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारपण, बाबा. थांबायला हवं होतं वेळीच." दुसरं कोणीतरी म्हणालं, "बिचारा." विनीला ते 'बिचारा' सगळ्यांत जास्त लागलं. रागावले असते तर परवडलं असतं. बिचारा म्हटलं म्हणजे संपलंच. आता पुढच्या ऑक्टोबरात आजोबांनी टॅनरबद्दल काही म्हटलं की लोक मान डोलावतील आणि ऐकणार नाहीत.

ती पायरीवर उभी राहिली.

"आजोबांनी वाचली नाही यादी. मी वाचली."

"विनी," आजोबा हळूच म्हणाले.

"थांबा ना, आजोबा! ते दवाखान्यात होते. डोळ्यांचा काही संबंध नाही, कार्डं बरोबर होती. मी गठ्ठा उलटा धरला." तिचा आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. आता तिने आजोबांकडे वळून उरलेलं सांगितलं, कारण ते आजोबांनाही माहीत नव्हतं. "आणि त्या बाईंनी मला विचारलं होतं. दोनदा विचारलं, खात्री आहे का म्हणून. मला शंका आली होती, तरी मी हो म्हटलं. मी कार्डं पुन्हा बघितली असती तर कळलं असतं. मला... मला त्यांना दाखवायचं होतं की तुम्ही चुकत नाही."

आजोबांनी पट्टीच्या खालून गाल पुसला. घाम असेल.

सगळे डॉयल केसलरकडे बघायला लागले, कारण गावात राग करायचं काम त्यांच्याकडेच होतं. त्यांनी विनीकडे रोखून पाहिलं. मग रिकामी प्लेट उचलून पुढे आले.

"दोनदा विचारलं?"

"हो, मिस्टर केसलर."

"आणि टॅनर बाविसावं हे तू तुझ्या तोंडाने वाचलंस? तेव्हा तुला काय वाटलं?"

"आजोबांना चावावंसं वाटलं."

डॉयल केसलरची मिशी हलली. आधी मिशी, मग पोट, मग सगळं फायर स्टेशन. "बसा, बसा सगळे!" ते म्हणाले. "दुसऱ्या नंबरावर आहोत, तेवढं कमी आहे का? सामने खेळूनच पहिले येऊ. आणि लाईल, तू पुढच्या वर्षी मत दिलं नाहीस तर खिळे मिळायचे नाहीत, सांगून ठेवतो."

"ते माझ्या हातात नाही, डॉयल," आजोबा म्हणाले. "मत चुकीचं गेलं की त्या कार्यालयातले लोक जागा काढून घेतात. पत्र लिहावं लागेल. ते काय म्हणतील ते म्हणतील."

विनीने हे ऐकलं. फायर स्टेशनाच्या भिंतीवर एक काळा फोन होता, आणि वृत्तसंस्थेचं कार्यालय शनिवारीही उघडं असतं हे तिला आजोबांकडूनच माहीत होतं. नंबर तिला पाठ होता. ती गर्दीतून वाट काढत गेली, पाकाने चिकट झालेली बोटं स्वेटरला पुसली आणि नंबर फिरवला.

टाइपरायटरची टकटक. तोच आवाज.

"मी एल्डनहून विनी होस्टेटलर बोलतेय. गुरुवारी मी यादी वाचली होती. ती उलटी वाचली. चूक माझी आहे, मिस्टर होस्टेटलरांची नाही. क्रमवारी आता बदलता येत नाही, मला ठाऊक आहे. पण त्यांची खरी यादी तुम्ही लिहून घ्याल का? म्हणजे तुमच्या साहेबांना कळेल की त्यांनी ती कशी लावली होती."

टकटक थांबली. टाइपरायटरमध्ये नवा कागद चढवल्याचा कर्रर आवाज आला.

"घेते लिहून. बोल बाळ, पहिला नंबर. आणि या वेळी खात्री आहे ना?"

विनीने लगेच हो म्हटलं नाही. "एक मिनिट थांबाल का?" ती म्हणाली. तिने फोन मान आणि खांद्यामध्ये धरला, खिशातला गठ्ठा काढला, रबरबँड मनगटात अडकवला आणि कार्डं पालथी भिंतीजवळच्या बाकावर ठेवली. मग सगळ्यांत वरचं एकच कार्ड उचललं, उलटलं, आणि त्यावरचं नाव आधी मनातल्या मनात दोनदा वाचलं.